मातीचं विरजण

कर्जत-खालापूरच्या बंद दगडखाणीत झाड लावायचं, तर आधी तिथं माती नाही हे मान्य करावं लागतं. असतो तो मुरूम, डबराचे तुकडे आणि क्रशरची करडी चुरी. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बराचसा वरच्यावर वाहून जातो, आणि एप्रिलात त्याच कातळावर हात टेकवत नाही. शेणखत घालून लावलेलं रोप पावसाळाभर हिरवंगार दिसतं, होळीपर्यंत काडी होतं. बोल लागतो टँकरला. मला वाटतं, चूक त्याआधीच, रोपवाटिकेत होते. भाताचा राब भाजणाऱ्या या मुलखाला हे नवं नाही: शेताचं भवितव्य रोपाच्या वाफ्यात ठरतं.

रोपासोबत जायला हवी ती मुळात राहणारी बुरशी, मायकोरायझा. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ मध्ये दिलं. खैर, करंज, शिवण, आवळा यांच्या मुळांत ती शिरते आणि बाहेर केसाहून बारीक धागे पसरते. खाणीच्या मुरमात स्फुरद अगदीच नसतो असं नाही. तो लोहाला, कॅल्शियमला चिकटून बसतो, आणि मुळालगतचा संपला की लांबचा आपणहून सरकत येत नाही. मूळ शिरणार नाही अशा फटीतून धागे तो आणतात, बदल्यात झाडाची साखर खातात.

पुरावा विदर्भातला आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेत आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर दहा हेक्टरांत हेक्टरी ५० टन सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा गाळ घातला आणि जिवाणूखतांबरोबर ही बुरशी दिली. आधी जवळपास नसलेले बीजाणू आणि जिवाणू नंतर भरपूर सापडले. यावर रास्त शंका अशी की करामत गाळाची की बुरशीची? अशा एकत्रित प्रयोगातून दोघांचा वाटा नेमका वेगळा काढता येत नाही. पण विरजण लावताना दुधाचं श्रेय किती, हे कोण मोजतं? दूधच नसेल तर विरजण वाया जातं. नुसतं दूध ठेवलं तर नासतं. म्हणून खत टाळून बुरशीची पुडी टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. ‘बीजाणू वाऱ्या-पाण्याबरोबर येतीलच’ हेही खरं, पण ते कधी येतील याचा भरवसा नाही, आणि रोपाला पहिलाच उन्हाळा काढायचा असतो.

बाजारच्या पुडीवरचा अविश्वास मात्र मला पटतो. पाकिटावरचा आकडा वाचण्यापेक्षा दोन महिन्यांच्या रोपाचं बारीक मूळ कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. बुरशी असेल तर पेशींतून निळ्या दोऱ्या दिसतात. त्याहून बरं घरचं विरजण. रानातल्या खैराखालची वीतभर खोलीची माती, तंतुमुळांसकट, एखादं घमेलंच घ्यावी. पोतीच्या पोती उपसली तर दुसरी खाण होते. ही माती वाफवलेल्या वाळूत मिसळून कुंडीत ज्वारी पेरायची. तीन-चार महिन्यांनी पाणी तोडून ज्वारी कापली की खालची माती आणि चिरलेली मुळं हेच विरजण. यजमान बदलल्यानं खैराचे काही रोगही मागे राहतात. पिशवी भरताना बी पडेल तिथंच, खाली, मूठभर घालायचं. वरून सुपर फॉस्फेटचा मारा नको. आयता स्फुरद मिळाला की मूळ बुरशीला फारसा थारा देत नाही. आणि जूनमध्ये खड्ड्यापाशी पिशवी फाडताना मुळांचा गोळा फुटू द्यायचा नाही.