दोन नावांची

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडतात. धारूर तालुक्यातलं आमचं गावही त्यातलंच. मुकादमाची उचल घेतलेले कोयते साखर कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड चढतं, शेळ्या चढतात, कोंबड्या चढतात, लेकरं चढतात. मागं राहतात कुलपं आणि म्हातारी माणसं. २०१२ साली एक तांबडी कुत्रीही राहिली.

गल्लीच्या टोकाला एका कुलूपबंद दारापुढं ती बसून असायची. चंपाषष्ठीला आईनं भरीत-रोडग्याचा नैवेद्य केला. खंडोबाच्या कुत्र्याचा घास घेऊन ती दारात आली, तर समोर ही उभी. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली. घास हुंगला, खाल्ला आणि आमच्या ओट्याखाली अंग टाकलं. आईनं तिचं नाव मैना ठेवलं. ती खंडोबानंच धाडली, असं आई आजही म्हणते.

ते साल दुष्काळाचं. माघातच बैलं चारा छावणीत न्यावी लागली. वडील तिथंच मुक्कामाला, आणि त्यांच्या बाजेखाली मैना. पाण्याचा टँकर आला की झुंबड उडायची. ही लांब बसून राहायची आणि गर्दी हटल्यावर सांडलेलं चाटायची. भरल्या बादलीत तिनं कधी तोंड घातलं नाही.

पाडव्याला कोयते परतले. टोकाच्या घरातली बाई हाक देत आली, "बिजलेऽ!" मैना उठली ती धावतच सुटली. आईचा चेहरा उतरला.

बाई म्हणाली, "ट्रॅक्टर रातीच निघाला माय, ही रानात गेलती. लई हाका मारल्या. आता तुमची भाकरी खाल्लीय तिनं, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

मैनानं दोघींचंही राखलं. दिवसा ती तिकडं बिजली, रात्री आमच्या ओट्यावर मैना.

दरवर्षी ट्रॅक्टर गेला की ती तीन दिवस त्या कुलपापुढं जाऊन बसायची. आई भाकरी घेऊन तिथं जायची. रागवायची नाही, ओढून आणायची नाही. चौथ्या दिवशी ती आपसूक परतायची. मुकं जनावर विसरून जातं म्हणणाऱ्यांनी तिला तिथं बसलेली पाहायला हवं होतं.

शेवटच्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी भिंतीला अंग घासत ती गेलीच. सहा दिवस झाले तरी परतेना, तेव्हा मी उचलून आणली. २०२४च्या माघात तिनं अन्न सोडलं. गुरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, वय झालंय म्हणाले. आईच्या मांडीवर डोकं ठेवूनच ती गेली. लिंबाखाली पुरली. वर आईनं मूठभर भंडारा टाकला.

पाडव्याच्या सुमारास कोयते आले. गल्लीच्या टोकापासूनच हाक आली, "बिजलेऽ!"

आईनं काही न बोलता त्या बाईचा हात धरला आणि तिला लिंबाखाली नेलं. चूल पेटवायची वेळ टळून गेली, तरी दोघी तिथंच बसून होत्या.