लंडनची वकीलवाडी

लंडनला जाणारा मराठी प्रवासी बिग बेन, टॉवर ब्रिज आणि मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे पाहून परततो. फ्लीट स्ट्रीटवरच्या एका जुन्या कमानीकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. लाल दुमजली बसगाड्या कमानीसमोरून धडधडत जातात, माणसांची रीघ असते. कमानीखालून आत शिरून पन्नास पावले चालले, की मात्र सगळा गलबला एकदम थांबतो. समोर फरसबंदी चौक, विटांच्या जुन्या इमारती, कारंजे, हिरवळ आणि पलीकडे थेम्स नदी. हे टेंपल. इथून उत्तरेकडे मैलभर पसरली आहे लंडनची वकीलवाडी.

या वाडीत जमीनजुमला, जहाजे, विमे, घटस्फोट असे सगळे खटले लढणारे वकील आहेत. पण आज तिच्या ज्या भागाची ओळख करून घ्यायची, तो वेगळा आहे. इंग्लंडच्या दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाची बाजू मांडणारे वकील इथे बसतात. मायदेशी परतलो तर जीव जाईल असे सांगणारा निर्वासित, व्हिसा नाकारलेली बायको, लेकाकडे राहू इच्छिणारी म्हातारी आई, हे त्यांचे अशील.

पाटीवरची नावे

टेंपलमधील गोल चर्च टेंपलर नावाच्या धर्मयोद्ध्यांनी बांधले आणि ११८५ मध्ये त्याचा प्रतिष्ठापना सोहळा झाला. योद्धे गेले, वकील राहायला आले आणि त्यांनी आपल्या दोन संस्था थाटल्या, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. उत्तरेला लिंकन्स इन आणि ग्रेज इन अशा आणखी दोन आहेत. या चार 'इन्स'पैकी एकीचे सभासद झाल्याशिवाय इंग्लंडमध्ये आजही बॅरिस्टर होता येत नाही. मोहनदास करमचंद गांधी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ मध्ये संस्थेने त्यांचे नाव काढून टाकले आणि १९८८ मध्ये सन्मानाने परत घातले.

प्रत्येक दाराशी एक उभी पाटी दिसते. तिच्यावर ज्येष्ठतेनुसार ओळीने नावे रंगवलेली असतात. हे झाले 'चेंबर्स'. चेंबर्स म्हणजे कंपनी नव्हे. प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र, त्याची कमाई त्याची. जागेचे भाडे आणि कारकुनांचा पगार तेवढा सगळे मिळून देतात. एकाच चेंबर्समधले दोघे एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहिले, तरी कुणाला नवल वाटत नाही. काम कोणाकडे जाणार, फी किती, तारीख कोणती, हे सगळे कारकून पाहतो. पक्षकार सहसा थेट बॅरिस्टरकडे येत नाही, तो आधी सॉलिसिटरकडे जातो. सॉलिसिटर कागद तयार करतो आणि गुलाबी फितीने बांधलेला गठ्ठा चेंबर्समध्ये पाठवतो. आता बरेचसे गठ्ठे संगणकावरून येतात, पण गुलाबी फीत अजून हद्दपार झालेली नाही.

इथला एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. रांगेतल्या टॅक्सीवाल्याने पुढे येईल ते गिऱ्हाईक घ्यावे, तसे बॅरिस्टरनेही आपल्या विषयातले, वेळ आणि फी जुळणारे काम पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारू नये. ज्याला सारा देश 'परत जा' म्हणतो आहे, त्यालाही वकील मिळतो तो या रीतीमुळे.

मंत्र्याला चुकवता न आलेला आदेश

टेंपलमधून बाहेर पडून रस्ता ओलांडला, की रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसची इमारत दिसते. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिचे उद्‌घाटन केले. एखाद्या किल्ल्यासारखी ही चिरेबंदी वास्तू पाहताना १ मे १९९१ ची संध्याकाळ आठवावी.

झाईर देशातून आलेल्या एका शिक्षकाने आश्रय मागितला होता. कोर्टाच्या कागदात त्याचे नाव फक्त 'एम'. त्याचा अर्ज फेटाळला गेला आणि त्याच संध्याकाळी त्याला विमानात बसवायचे ठरले. वकिलांनी शेवटच्या घटकेला न्यायाधीशांपुढे धाव घेतली. तूर्त त्याला पाठवले जाणार नाही अशी हमी सरकारी वकिलांकडून मिळाल्याचा न्यायाधीशांचा समज झाला. तरीही विमान उडाले आणि एम पॅरिसमार्गे झाईरला रवाना झाला. वकिलांनी रात्री उशिरा पुन्हा त्याच न्यायाधीशांना गाठले. मध्यरात्रीच्या सुमारास हुकूम निघाला, माणसाला परत आणा. दुसऱ्या दिवशी परतीची तयारी झालीही होती. पण असा हुकूम देण्याचा कोर्टाला अधिकारच नाही, असा सल्ला मिळाल्यावरून गृहमंत्री केनेथ बेकर यांनी ती रद्द केली.

प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. जुलै १९९३ मध्ये निकाल लागला. गृहमंत्र्याने न्यायालयाचा अवमान केला आहे आणि मंत्री म्हणून तो न्यायालयाच्या आदेशाला बांधलेला आहे. विद्यमान मंत्र्यावर असा ठपका येण्याची ही पहिलीच वेळ होती. आज इंग्लंडमध्ये कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हा निकाल वाचतो. सरकारनेही कायदा पाळला पाहिजे, हे पक्के झाले ते ना मत, ना पारपत्र अशा एका परदेशी मास्तरच्या खटल्यात.

नाशिकची कन्या, लिंकन्स इनची बॅरिस्टर

चान्सरी लेनने वर गेले, की डाव्या हाताला लिंकन्स इन लागते. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव या संस्थेशी जोडलेले आहे. १८९२ मध्ये त्या ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, पण बाईमाणूस म्हणून पदवी मिळायला तीस वर्षे लागली. बॅरिस्टर म्हणून त्यांचे नाव इथे लागले १९२३ मध्ये.

शेजारीच लिंकन्स इन फील्ड्स हा लंडनमधला सर्वांत मोठा सार्वजनिक चौक. मध्ये झाडी, बाकांवर डबा खाणारी माणसे आणि पश्चिमेच्या बाजूला ५७ ते ६० क्रमांकांची जुनी घरे. इथे गार्डन कोर्ट चेंबर्स आहे. १९७४ मध्ये सुरू झालेली ही चेंबर्स पूर्वी टेंपलमध्ये होती आणि तिथल्या अंगणाचे नाव तिने सोबत आणले. दीडशेहून अधिक बॅरिस्टर इथे काम करतात आणि स्थलांतर व आश्रयाच्या कायद्यात देशातल्या अग्रगण्य चेंबर्समध्ये हिची गणना होते. घरांनाही इतिहास आहे. ५८ क्रमांकाच्या घरात डिकन्सचा मित्र जॉन फॉर्स्टर राहत असे. ५९-६० मध्ये स्पेन्सर पर्सिव्हल राहत. बॅरिस्टरचे पंतप्रधान झालेले हे गृहस्थ १८१२ मध्ये पार्लमेंटच्या आवारात गोळी लागून मारले गेले.

इयन मॅकडोनाल्ड हे या चेंबर्सचे अनेक वर्षे प्रमुख होते. स्थलांतर कायद्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८३ मध्ये प्रथम निघाला आणि आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत तो वकील आणि न्यायाधीश या दोघांच्याही टेबलावर जाऊन बसला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

नवरा, बायको आणि म्हातारी आई

या वकिलांकडे फक्त युद्धातून पळालेले लोक येतात असे नाही. भारतातल्या कितीतरी घरांचे सुखदुःख या गठ्ठ्यांत बांधलेले असते. १९९७ पर्यंत इंग्लंडमध्ये एक विचित्र नियम होता. तिथल्या मुलीशी लग्न केलेल्या तरुणाला आपल्या लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडमध्ये शिरणे हा नाही, असे सिद्ध करावे लागे. 'नाही' हे सिद्ध कसे करायचे? आईबापांनी ठरवलेले लग्न साहेबाला समजावून सांगता सांगता वकिलांची दमछाक होई. तो नियम गेला, पण २०१२ मध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी कमाईची अट आली, वर्षाला १८,६०० पौंड. २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर गेली.

त्याच २०१२ सालापासून वृद्ध आईवडिलांचे दारही फारच अरुंद झाले. रोजच्या साध्या गोष्टींसाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत मायदेशात मिळणे शक्यच नाही, असे दाखवावे लागते. पैसे दिले की बाई ठेवता येते, असे म्हणून अधिकारी अर्ज परत पाठवतो. नाशिकच्या किंवा नागपूरच्या आईला पगारी बाई आणि पोटचा मुलगा यांतला फरक कळतो, पण तो कायद्याच्या भाषेत मांडावा लागतो बॅरिस्टरला.

बायकांच्या बाजूने लागलेला एक मोठा निकाल १९९९ चा आहे. पाकिस्तानातल्या दोन स्त्रियांना नवऱ्यांनी घराबाहेर काढले होते. परत गेल्यास व्यभिचाराचा खोटा आळ, मारहाण, कदाचित मृत्यू. १९५१ च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट अशी पाच कारणे दिलेली आहेत, स्त्री असणे हे त्यांत नाही. ज्या समाजात स्त्रियांना कायद्याचे संरक्षणच मिळत नाही, तिथे स्त्रिया हाच असा एक गट ठरतो, हे वकिलांचे म्हणणे हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केले.

ग्रेज इन ते डाउटी स्ट्रीट

हाय होबर्न ओलांडले की ग्रेज इन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इथे १९१६ मध्ये नाव घातले होते. शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना मधेच परतावे लागले, पण पुन्हा येऊन ते बॅरिस्टर झालेच. विनायक दामोदर सावरकरही इथलेच विद्यार्थी, मात्र त्यांच्या राजकारणामुळे संस्थेने त्यांना सनद दिली नाही. जुलै १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी मारली, ती फ्रान्सच्या भूमीवर आसरा मिळेल या आशेने. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि दोन देशांचा वाद हेगच्या लवादापुढे गेला. हवाली करण्यात चूक झाली, पण कैदी परत द्यायची गरज नाही, असा निकाल फेब्रुवारी १९११ मध्ये लागला. मराठी माणसाला आश्रयाचा प्रश्न परका नाही तो असा.

पुढे डाउटी स्ट्रीट. ४८ क्रमांकाच्या घरात डिकन्स १८३७ ते १८३९ राहिला, आता तिथे त्याचे संग्रहालय आहे. त्याच रस्त्यावर १९९० मध्ये सुरू झालेली डाउटी स्ट्रीट चेंबर्स आहे. मानवी हक्क आणि आश्रयाच्या खटल्यांसाठी तिचे नाव गार्डन कोर्टच्या बरोबरीने घेतले जाते. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची सरकारची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकायदा ठरवली, तेव्हा या वकीलवाडीतल्या अनेक चेंबर्सचे बॅरिस्टर त्यात गुंतलेले होते.

हे काम मान देते, पैसा फारसा देत नाही. आश्रय मागणारा फी कुठून देणार? ती सरकारी कायदेसाहाय्यातून येते. तिचे दर १९९६ पासून जवळजवळ तीन दशके वाढले नाहीत, उलट २०११ मध्ये १० टक्के कापले गेले. २०१३ पासून तर आश्रय वगळता स्थलांतराचे बहुतेक खटले या साहाय्यातून काढून टाकले आहेत. त्यामुळे आता वकील न परवडल्याने कित्येक जण स्वतःच उभे राहतात.

जिथे निकाल लागतो ती खोली

डाउटी स्ट्रीटहून पंधरा-वीस मिनिटे चालले, की रोझबेरी अॅव्हेन्यूवर टेलर हाउस येते. इथे न कमान, न कारंजे. साधी कचेरी, प्रतीक्षागृहात खुर्च्या, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली एखादी बाई. स्थलांतर न्यायाधिकरणाच्या सुनावण्या इथे होतात. न्यायाधीश विग घालत नाहीत, झगा घालत नाहीत. टेबलाशी अर्जदार, शेजारी दुभाषी, एका बाजूला त्याचा वकील आणि समोर गृहखात्याचा प्रतिनिधी.

सरकारी बाजूचा भर बहुधा विसंगतीवर असतो. पहिल्या मुलाखतीत अटक मार्चमध्ये झाली म्हणालात, आता एप्रिल कसे सांगता? आपल्याकडच्या एखाद्या आजीला जन्मतारीख विचारली तर ती 'मोठ्या पुराच्या साली, श्रावणात' असे सांगेल. इराणी, अफगाणी किंवा इथिओपियाचा माणूसही आपल्या वेगळ्या पंचांगाने महिने मोजतो. चांगला बॅरिस्टर ती पंचांगे जुळवून दाखवतो, अंगावरच्या व्रणांबद्दल डॉक्टरांचा अहवाल पुढे ठेवतो, त्या देशाचा जाणकार साक्षीला आणतो. दोन-तीन तासांत सुनावणी संपते. निकाल बहुधा नंतर टपालाने किंवा ई-मेलने येतो. तोवर त्या माणसाने फक्त वाट पाहायची.

टेंपलची अंगणे कामाच्या दिवसांत हिंडता येतात, ग्रेज इनची बाग दुपारी थोडा वेळ उघडते. न्यायाधिकरणाच्या बहुतेक सुनावण्याही कुणालाही मागे बसून पाहता येतात. लंडनला गेलेल्या प्रवाशाने एक दिवस या मैलभराच्या वाटेसाठी राखून ठेवावा. राजवाडा आणि मुकुट पाहिले की त्या देशाचे वैभव कळते. दारात आलेल्या परक्याचे तो काय करतो, ते मात्र इथेच पाहायला मिळते.