पाकशाळेची पारख

माझ्या मुलीने बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा सेवाग्रामची बापूकुटी पाहायला येणारा यात्रेकरू एवढाच पाहुणा ठाऊक असलेल्या आमच्या वर्ध्याच्या घरात प्रथम शांतता पसरली, पाठोपाठ माझ्या आईने, "इतकं शिकून भांडेच घासाचे काय?" असा रोकडा सवाल टाकला, आणि एका आप्ताने त्या अभ्यासक्रमात मद्यांचीही ओळख करून घ्यावी लागते, ही वार्ता दबक्या आवाजात पुरवली. दारूबंदीच्या जिल्ह्यातील बापाला ती अस्वस्थ करणारी खरी. परंतु वैद्यही विषाचे गुणधर्म शिकतोच, असे म्हणून मी तो वाद मिटवला.

खरी पंचाईत होती ती महाविद्यालयाच्या निवडीची. जवळच्या एका खासगी संस्थेच्या गुळगुळीत माहितीपत्रकात झुंबरे आणि जलतरण तलाव विपुल होते. मात्र प्रात्यक्षिकांची पाकशाळा दाखवा म्हटल्यावर, तिची किल्ली कोणाकडे आहे याचाच तपास लागेना.

मग सेवाग्राम एक्स्प्रेसने आम्ही दादर गाठले. तिथली संस्था लीलावती मुन्शी यांच्या महिला अन्न परिषदेच्या पुढाकाराने 1954 साली सुरू झालेली. हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय परिषदेशी संलग्न अशा संस्थांत प्रवेश मिळतो तो देशपातळीवरील परीक्षेतून, आणि तीन वर्षांअंती पदवी मिळते ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. हा तपशील कारकुनीत हयात गेलेल्या मला सनदेइतका मोलाचा वाटला. मुलीचे लक्ष मात्र भलतीकडेच होते. मनगटावर भाजल्याचा डाग मिरवणाऱ्या एका विद्यार्थिनीला गाठून ती विचारत होती की, औद्योगिक प्रशिक्षणासाठी कुठे पाठवतात, तिथे रात्रपाळीनंतर परतण्याची तजवीज कोण करते, आणि एका शेगडीवर किती जणांना हात चालवायला मिळतो. माझ्या संलग्नतेच्या चौकशीपेक्षा हे प्रश्न अधिक मर्मग्राही होते, हे मान्य केलेच पाहिजे. स्वयंपाकाबरोबर खोल्यांची स्वच्छता, स्वागतकक्ष आणि वाढपाची शिस्तही तितक्याच कसोशीने शिकावी लागते, असे त्या विद्यार्थिनीने हसतहसत बजावले.

परतीच्या गाडीतच मुलीने प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला. ज्यांना या वाटेने पाल्याला धाडायचे असेल, त्यांनी संस्थेची भेट जेवणाच्या वेळी नव्हे, तर त्याच्या दोन तास आधी ठरवावी. शेगड्या पेटलेल्या असतात त्या तेव्हाच.