शाळेची स्वायत्तता आणि इंग्लंडमधील नवे विधेयक

शाळाविषयक कायद्यांचे मसुदे कलमवार वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला शाळांच्या स्वायत्ततेची चर्चा कानी पडताच पहिला प्रश्न सुचतो तो असा, की ही स्वायत्तता नेमकी कोणाच्या अखत्यारीतली? डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मांडलेल्या बालककल्याण व शाळा विधेयकावरून उठलेले वादळ पाहताना हाच प्रश्न मला अस्वस्थ करीत राहिला.

टोनी ब्लेअर यांच्या राजवटीत सुरू झालेल्या आणि २०१० च्या कायद्याने सर्वदूर पसरलेल्या ‘अ‍ॅकॅडमी’ म्हणजे सरकारी पैशाने चालणाऱ्या, परंतु स्थानिक कौन्सिलच्या अंमलाबाहेरच्या शाळा. इंग्लंडातील बहुसंख्य माध्यमिक शाळा आज याच वर्गात मोडतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम, राष्ट्रीय वेतनश्रेणी आणि, २०१२ पासून, शिक्षकाची अधिकृत पात्रता या तिन्ही बंधनांतून त्यांना मिळालेली मोकळीक मूळ मसुद्याने बहुतांशी काढून घेतली. वेतनाबाबत मात्र पुढे, किमान श्रेणी पाळून अधिक देण्यास मुभा ठेवणारी दुरुस्ती सरकारनेच केली.

पात्र शिक्षकाचा आग्रह मला सर्वस्वी न्याय्य वाटतो, कारण अशिक्षित हातांनी शिकविण्याची मुभा ही मुलाच्या पदरात पडणारी स्वतंत्रता नव्हे. अभ्यासक्रमाच्या सक्तीविषयी मी इतका निःशंक नाही. वेळापत्रकाचा प्रत्येक तास वरूनच ठरून आला, तर समोरच्या मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकाने आपली बुद्धी चालवावी तरी कोठे?

परंतु या वादात जी गोष्ट झाकली जाते ती निराळीच आहे. अनेक शाळा चालविणाऱ्या न्यासात सामील झालेल्या शाळेला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वच उरत नाही; सरकारशी करारनामा करतो तो न्यास, मुख्याध्यापकाचा धनी तोच, आणि शाळेच्या स्थानिक समितीकडे अधिकार राहतात ते न्यासाने सोपविले तेवढेच. म्हणजे विधेयक जी मुखत्यारी हिरावून घेते ती बहुधा न्यासाची असते, आणि शाळेला ती पूर्वीही नव्हती! मला खरी धास्ती वाटते ती न्यासांना थेट आदेश देण्याचा जो अधिकार हे विधेयक मंत्र्यांच्या हाती सोपविते त्याची. कारण अशा अधिकाराची व्याप्ती शब्दाशब्दाने आवळली नाही, तर कौन्सिलच्या दप्तरातून सुटलेली शाळा लंडनच्या दप्तरात जाऊन पडेल, आणि गावाला विचारणारे कोणीच राहणार नाही.

आपल्याकडे शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम त्या समितीवर सोपविले. हा अधिकार न्यासाच्या मर्जीवर नाही, कायद्याच्या कलमावर उभा आहे. आपण अशा समितीवर असाल, तर आयत्या लिहून आलेल्या आराखड्यावर सही करण्यापूर्वी तो सभेत वाचून घेण्याचा आग्रह धरावा, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.