मशीन घेण्याआधी

कॉफीचं मशीन कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या घरात दूध किती येतं आणि पाणी कुठलं येतं ते विचारतो. नायगावात मिक्सर, गिझर, इस्त्री दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो आणि दुकान उघडण्याआधीची वेळ कॉफीत. त्यामुळे घेणाऱ्याला जे बाहेरून चकचकीत दिसतं, ते मला खोललेलं आठवतं.

आमच्याकडं कॉफी म्हणजे दुधाचीच. उकळत्या दुधात झटपट कॉफी, वर किसलेलं जायफळ, साखर सढळ. तेलंगणाची हद्द जवळ असल्यानं देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू घरांत फिल्टर दिसतो, आणि तिथं एकदा डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या अर्काची, कॉफी प्यालेला माणूस मग स्वतःच्या घरी तसं काही करायला निघतो. पण बाजारात गेला की त्याला दिसतं एस्प्रेसोचं मशीन.

एस्प्रेसोला साधारण नऊ बार दाब लागतो. इटलीच्या आकिले गाजिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्यानं दाब देणारी मशीनं बाजारात आणली, तेव्हापासून त्या कपावरचा तो दाट सोनेरी थर लोकांना ठाऊक झाला. चार-पाच हजारांत मिळणाऱ्या बऱ्याच मशीनना मात्र पंपच नसतो. एक बंद टाकी, खाली कॉइल, आणि वाफेच्या जोरावर वर ढकललेलं पाणी. दाब चारेक बारच्या पुढं जात नाही, पाणी हवं त्याहून जास्त तापतं आणि पूड करपल्यासारखी कडू लागते. त्याहून महाग मशीनवर पंधरा किंवा वीस बार छापलेलं असतं. तो पंपाचा कमाल दाब. पुडीला त्याचा उपयोग नाही. त्यांच्या गाळणीचा तळ दुहेरी असतो आणि खालच्या तळाला एकच बारीक भोक. पूड जाडी असो, शिळी असो, त्या भोकातून जोरात आल्यावर फेस होतोच. फेस बघून कॉफी जमली असं समजू नये.

पाण्याकडं माझं जास्त लक्ष असतं. पंपाच्या लहान मशीनमध्ये बहुधा थर्मोब्लॉक असतो: धातूचा एक ठोकळा, त्यात वळणावळणाची अरुंद नळी, आणि त्यातून जाता जाता पाणी तापतं. बोअरच्या पाण्यावर चालवलेलं असं एक मशीन माझ्याकडं आलं होतं. नळीचं तोंड उघडलं तर आत पांढरा, कडक थर; टोकदार तारेनं खरवडला तर खडूसारखी भुकटी पडली. पंप चांगला होता, कॉइल चांगली होती, पाण्याला वाटच उरली नव्हती. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड. तापलं की त्यातले क्षार बाहेर पडून धातूला चिकटतात, गिझरच्या कॉइलवर बसतात तेच. लिंबूसत्त्वाचं पाणी अधूनमधून फिरवलं तर मशीन टिकतं. नुसतं आरओचं पाणी वापरलं तर क्षार बसत नाहीत, पण ते फार हलकं झालं की कॉफी मिळमिळीत होते.

विजेचं थोडक्यात सांगतो. ही मशीनं हजार वॅटच्या आसपास किंवा वर ओढतात. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालवू नयेत.

मग पैसे घालावेत कशात? माझं मत पक्कं आहे: कॉफी दळण्यात. मिक्सरचं पातं बी कापत नाही, फोडतं. काही पीठ होतं, काही कण्या राहतात. पीठ कडू उतरतं, कण्या पाणचट. हातानं फिरवायच्या चक्कीत दोन दातेरी भाग असतात आणि त्यांतलं अंतर स्क्रूनं कमीजास्त करता येतं. जात्याची पाळी जरा उचलली की दळण भरड येतं, तेच इथं. वरून, तिच्यात जळायला मोटार नाही.

आणि भांडं? दूध घालून पिणाऱ्याला स्टीलचा किंवा पितळी फिल्टर पुरतो. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड, हलकेच दाबून सारखी करायची, वर छत्री, म्हणजे दांडीची भोकांची चकती, ठेवायची आणि उकळी शांत झालेलं पाणी आधी थोडंच, पूड भिजेल इतकं. पूड फुगते, वास येतो. मग उरलेलं पाणी. झाकण लावून वीसेक मिनिटं हात लावायचा नाही. फार भरभर उतरलं तर दळण जाडं, अजिबात उतरेना तर बारीक किंवा जास्त दाबलेलं. तयार पूड घेत असाल तर पाकीट उलटून चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या पुडीचे, टक्के वाचा. ते छापणं बंधनकारक आहे. चिकोरीनं डिकॉक्शन दाट आणि काळं होतं, दुधात ते काहींना आवडतंही, पण तीस टक्क्यांच्या पुढं मला ती कॉफी वाटत नाही.

बिनदुधाची, कडक पिणाऱ्यांना मी मोका पॉट सांगतो. 1933 साली इटलीत आलेलं हे भांडं; दाब दीडेक बार, म्हणजे एस्प्रेसो नव्हे, पण चव भरदार. गॅसवर चालतं, आणि बिघडायला त्यात एक वायसर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. वायसर कुकरसारखाच बदलता येतो. घेताना जादा वायसर सोबत घ्यावा.

नरसीकडच्या एका गुरुजींनी मशीनसाठी आठ हजार बाजूला काढले होते. मी त्यांना फिल्टर आणि हातचक्की घ्यायला लावली. निम्म्याहून जास्त पैसे बियांसाठी उरले. गुरुजींच्या घरच्या बाई म्हणाल्या, “अन् फेस कसा येणार हो?” मी डिकॉक्शनमध्ये गरम दूध घातलं आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतलं. मग बियांचं बोलणं निघालं. चिखलदऱ्याला, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातच, कॉफी पिकते हे ऐकून गुरुजी खुलले. तिथली एक किलो मागवतो म्हणाले. मी म्हटलं, “सर, आधी पाव किलोच मागवा. अन् भाजल्याची तारीख विचारून घ्या.”