इग्बोच्या प्रश्नपत्रिकेमागचा इतिहास




पश्चिम आफ्रिका परीक्षा मंडळाच्या उच्च माध्यमिक परीक्षेत इग्बो हा विषय असुसू म्हणजे भाषा, अगुमागू म्हणजे साहित्य आणि ओमेनाला म्हणजे भूमीवर चालत आलेला आचार, अशा तीन भागांत विचारला जातो. व्याकरणाच्या अभ्यासाला चालीरीतींची जोड गुणांच्या सोयीसाठी दिली असावी, असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु ही भाषा लिखित कशी झाली, हे पाहिल्यास तिसऱ्या भागाविना पहिले दोन अपुरे का राहतात, हे स्पष्ट होते.

इग्बो भाषकांची मूळ भूमी नायजेरियाच्या आग्नेय भागात, म्हणजे आजच्या अनाम्ब्रा, इमो, इनुगू, अबिया व इबोन्यी या राज्यांत आणि त्यांच्या लगतच्या प्रदेशात आहे. या समाजाच्या बहुतेक भागात एकछत्री राजसत्ता नव्हती. गावे आपला कारभार आपणच पाहत असत, आणि त्यामुळे कोणत्याही एका राजधानीची बोली इतरांवर प्रमाण म्हणून बसली नाही. 1857 साली सॅम्युअल अजायी क्राउदर यांच्या नेतृत्वाखाली ओनित्शा येथे ख्रिस्ती मिशन सुरू झाले आणि त्याच वर्षी क्राउदर यांचे इग्बो अंकलिपीचे पुस्तक निघाले, तेव्हा कोणती इग्बो लिहायची हा प्रश्न उभा राहिला. धर्मोपदेशक टी. जे. डेनिस आणि त्यांचे इग्बो सहकारी यांनी ओवेरी, ओनित्शा, बॉनी, अरोचुक्वू व उन्वाना येथील बोली एकत्र करून ‘युनियन इग्बो’ घडवली आणि 1913 साली तिच्यात संपूर्ण बायबल छापले गेले. हे रूप सर्वत्र वाचता येत असले, तरी ते कोणाच्याच घरात बोलले जात नव्हते. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1999 साली ओवेरी येथील ओडेनिग्बो व्याख्यानात याच कृत्रिमतेवर कठोर टीका केली आणि ते व्याख्यान मुद्दाम आपल्या बोलीत दिले.

बोलीच्या वादात लिपीच्या वादाची भर पडली. जुन्या मिशनरी लेखनात रोमन अक्षरांखाली चिन्हे देण्याची पद्धत होती, तर 1929 पासून पुढे आलेल्या नव्या ‘आफ्रिका’ लेखनपद्धतीत काही स्वरांसाठी स्वतंत्र अक्षरे होती. प्रॉटेस्टंट मंडळींनी जुनी पद्धत सोडली नाही, कॅथलिक शाळांनी व सरकारने नवी स्वीकारली, आणि सुमारे तीन दशके एकाच भाषेची पुस्तके दोन पद्धतींनी छापली जात राहिली. 1961 साली डॉ. ओन्वू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तडजोड सुचवली. तीत 8 स्वर व 28 व्यंजने मिळून 36 वर्ण आहेत आणि तीन स्वराक्षरांखाली बिंदू दिला जातो. परीक्षेत आज हीच पद्धत चालते.

या बिंदूंचे महत्त्व स्वरसंगतीच्या नियमातून कळते. आठ स्वरांचे चार-चारांचे दोन गट आहेत आणि साध्या शब्दात सामान्यतः एकाच गटातील स्वर येतात. उपसर्ग-प्रत्ययही बहुधा धातूच्या गटाप्रमाणे बदलतात, म्हणून बिंदू गाळणे ही शुद्धलेखनाची किरकोळ चूक राहत नाही, तर त्याने व्याकरणच मोडते. याखेरीज इग्बो ही सुरांची भाषा आहे, म्हणजे अक्षराच्या उच्च किंवा नीच सुराने अर्थ ठरतो. ‘अक्वा’ या एकाच वर्णक्रमाचे सूरभेदाने रडणे, कापड, अंडे आणि पलंग असे अर्थ होतात.

लिपी ठरण्याआधीच साहित्याने वाट काढली होती. पिता न्वाना यांची ‘ओमेनुको’ ही कादंबरी आफ्रिकी भाषांसाठी घेतलेल्या स्पर्धेत पारितोषिक मिळवून 1933 साली प्रसिद्ध झाली. अरोन्डिझुओगू येथील एका प्रत्यक्ष व्यापाऱ्याच्या जीवनावर ती आधारलेली आहे. वाटेत माल बुडाल्यावर हा व्यापारी आपल्याकडे शिकायला ठेवलेल्या मुलांना विकतो, परागंदा होतो आणि पुढे त्या पापाचे परिमार्जन करून परततो. मुलाला व्यापाऱ्याकडे ठेवून धंदा शिकवण्याची आणि शेवटी त्याला भांडवल देऊन स्वतंत्र करण्याची प्रथा इग्बो समाजात आजही जिवंत आहे. ती ठाऊक नसेल तर नायकाच्या अपराधाचे वजन वाचकाला कळत नाही.

भाषा व आचाराची हीच जोड संस्थात्मक कामातही दिसते. एफ. सी. ओग्बालू यांनी 1949 साली इग्बोसाठी संस्था स्थापली, तेव्हा तिच्या नावात इग्बो भाषेच्या बरोबरीने संस्कृतीच्या प्रसाराचाही उल्लेख केला. याच संस्थेने 1970च्या दशकात प्रमाण इग्बोसाठी शब्द निश्चित करण्याचे काम हाती घेतले. 1977च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हौसा, योरुबा व इग्बो यांपैकी एक भाषा शिकण्याची अपेक्षा ठेवल्याने त्या कामाला शाळांचे बळ मिळाले. परीक्षेतील ओमेनालाच्या भागात एके, ओरिए, अफो व न्क्वो या बाजारदिवसांचा चार दिवसांचा आठवडा, नव्या कोनफळवर्गीय कंदाचा म्हणजे यामचा सण, पितृकुळाची सभा उमुन्ना आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींसह कुळातील सर्व मुलींची संघटना उमुआदा यांचा अभ्यास येतो. माहेरच्या तंट्यात उमुआदाचा शब्द वजनदार मानला जातो. पाहुण्यापुढे कोला नावाच्या झाडाची बी ठेवून केलेली प्रार्थना इग्बोतच म्हटली जाते, कारण कोलाला दुसरी भाषा समजत नाही, अशी समजूत आहे. भाषा आणि आचार वेगळे करता येत नाहीत, हे यातून उघड होते.

तेव्हा परीक्षेची तयारी करताना ओमेनालाचे प्रश्न शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नयेत. आधी आचार समजून घ्यावा, मग कादंबऱ्या व म्हणी वाचाव्यात आणि नियमांची उदाहरणे त्यांतूनच शोधावीत. बिंदू व सूर मात्र रोज एखाद्या इग्बो भाषक मैत्रिणीकडून मोठ्याने वाचून तपासून घ्यावेत.