आजीची भिशी

चर्चच्या छपरासाठी काढलेल्या सोडतीचं कूपन अजून फ्रिजवरच आहे. लिंबाच्या चुंबकाखाली, दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारी. नंबर 0417. दोनदा फाडायला हातात घेतलं आणि दोनदा परत लावलं. पन्नास रुपयांची तर गोष्ट. एवढ्याची कोथिंबीर-मिरची मी दर आठवड्याला आणते, त्यातली निम्मी सडते, तेव्हा मन असं कुरकुरत नाही.

कूपन घेतल्यापासून आजीची एक म्हण डोक्यात घर करून बसली आहे. दैव देते आणि कर्म नेते.

आजी बायबल बाई होती. नगरच्या आसपासच्या खेड्यांत पायी फिरायची, ओसरीवर बायका जमवून त्यांना शास्त्र वाचून दाखवायची. तिच्या तोंडी ही म्हण म्हणजे गंमतच, कारण दैव आणि कर्म हे तिच्यातले दोन्ही मानकरी आमच्या धर्मात बसत नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा हसत हसत टोकलंही होतं. आजी म्हणाली, "मग दुसरी द्या साहेब, तेवढीच चांगली." साहेबांना काही सुचली नसावी, कारण म्हण पुढेही तीच राहिली.

मामा मुंबईला गिरणीत होता आणि आकडा लावायचा. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकले आणि बरीच वर्षं मला वाटत होतं की तो दुकानांविषयी बोलतोय. आकडा लागला तर एका रुपयाला नऊ. आकडे शून्य ते नऊ असे दहा आणि मिळणार नऊ, मग दहावा रुपया जातो कुठे, हा प्रश्न चौथीतल्या पोराला पडेल. मामाला कधी पडला नाही. एकदा त्याची जोडी लागली आणि पुढच्या सुट्टीत तो आजीसाठी शिलाई मशीन घेऊन आला. पायाचं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं. पैसा कुठला ते आजीला न सांगता कळलं. तिनं मशीनवर जुनी चादर टाकली आणि दोन आठवडे त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग नाताळ जवळ आला. माझा फ्रॉक शिवायचा राहिला होता. एका दुपारी चादर निघाली. निळ्या फुलांचा, फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक झाला, आणि तो घालून मी शब्बाथशाळेच्या कार्यक्रमात मेंढपाळाची बायको झाले.

फेब्रुवारीत मामा हातगाडीवाल्याला बरोबर घेऊनच आला. कुणी काही बोललं नाही. मशीन उचललं, पायऱ्या उतरवलं, सुतळीनं बांधलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर आजीच्या लक्षात आलं की तेलाची छोटी कुपी खिडकीत राहिली आहे. ती अनवाणी धावत गेली, कुपी मामाच्या हातात दिली, आणि परत येताना पायरीवर थांबून म्हणाली ती ही म्हण.

इतकी वर्षं मी तिचा अर्थ सरळ धरत होते. नशिबानं मिळतं, करणीनं जातं. पण कर्म या शब्दाचा मराठीत काही भरवसा नाही. कपाळाला हात लावून आपण "कर्म माझं!" म्हणतो तेव्हा केल्या-सवरल्याविषयी बोलत नसतो, नशिबाच्याच नावानं खडे फोडत असतो. म्हणजे म्हण अशीही वाचता येते की नशीबच देतं आणि नशीबच नेतं. आणि दैव? तो शब्द तर देवापासूनच निघालेला. देवाकडून आलेलं ते दैव. मग ताटावर बसल्यावर डोळे मिटल्याशिवाय घास न घेणारी माझी आजी त्या दिवशी पायरीवर काय म्हणत होती? मशीन देवानं दिलं होतं? मटकेवाल्याच्या हातून?

शास्त्रात शोधावं तर तिथे पंचाईतच. ऋग्वेदात जुगाऱ्याचं एक अख्खं सूक्त आहे. फासे, दुरावलेली बायको, कर्ज, सगळं आहे त्यात. बायबलात लोकर आणि अळशीचा धागा मिसळून विणलेलं कापड घालू नये इतकी बारीक आज्ञा सापडते, पण जुगार खेळू नये अशी सरळ आज्ञा नाही. प्रवचनात मग दहावी आज्ञा कामाला लावतात, लोभ धरू नको ही. मान्य. पण लोभ माझ्या मुदत ठेवीतही आहे. व्याज पाव टक्क्यानं घटलं की मला झोप येत नाही.

शेजारच्या बाई वसईच्या, कॅथलिक. त्यांना हे कोडं पडतच नाही. त्यांच्याकडे सणाला हाउजी खेळतात आणि जल्दी पाच कुणाची झाली यावरून वर्षभर चिडवाचिडवी चालते. 1992 साली व्हॅटिकननं काढलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथातही असंच आहे की नशिबाचा खेळ किंवा पैज मुळातच अन्याय्य नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या पोटापाण्याचं त्यात जाऊ लागलं की मग ती नीतीला धरून राहत नाही, आणि तिचा नाद माणसाला गुलाम करू शकतो. शहाणपणाचं बोलणं आहे. मामाला लागू पडतं. पन्नास रुपयांनी माझं पोट रिकामं राहणार नाही, तेव्हा मला पडत नाही. पण आम्ही पडलो नगरचे. 1831 मध्ये तिथे ठाणं दिलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या कडक वळणाचे, आणि ते वळण आजीपर्यंत जसंच्या तसं पोचलं होतं. पत्त्यांचा कॅट घरात सापडला तर ती चिमट्यानं उचलून चुलीत घालायची. हातानं नाही, चिमट्यानं.

आणि तीच आजी भिशी चालवायची.

बारा बायका, महिना दहा रुपये, पहिल्या शनिवारची संध्याकाळ. नावांच्या चिठ्ठ्या पितळी डब्यात, आणि काढायचा मान माझा, कारण लहान पोराचा हात निर्मळ. अजूनही तसंच मानतात. नगरपालिकेच्या आरक्षणाची सोडत असली की शाळेतल्या पोराला पुढे करतात आणि चिठ्ठी त्याच्याच हातून काढवतात. वॉर्डाची सोडत, म्हाडाच्या घराची सोडत, आणि 1969 पासून राज्य सरकार चालवतं त्या लॉटरीचीही सोडतच. मामाच्या आकड्याला मात्र 1887 चा जुगारबंदीचा कायदा. हे जाता जाता.

भिशीला कुणी जुगार म्हणणार नाही. वर्षाअखेर सगळ्यांच्या हातात सारखेच एकशे वीस पडतात, नशीब फक्त आधी कोण आणि मागून कोण एवढं ठरवतं. पण जिला जूनमध्ये फी भरायची आहे तिला डिसेंबरातले एकशे वीस काय कामाचे? हे आजीला ठाऊक असणार, कारण डब्याचं झाकण उघडण्याआधी ती प्रार्थना करायची. सगळ्या बायका पदर डोक्यावर घ्यायच्या. चिठ्ठ्यांच्या बाबतीत तिच्या पाठीशी मात्र शास्त्र भक्कम होतं. यहूदाची जागा भरायला अकरा प्रेषितांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. ज्याचं निघालं नाही तो योसेफ, बर्सबा म्हणत त्याला. त्याचं पुढे काय झालं हे प्रेषितांची कृत्ये सांगत नाही. त्याला वाटलं असेल का, की देवानं मला नाकारलं? की तो नुसताच म्हणाला असेल, कर्म माझं? आणि थोडी पानं मागे जावं तर क्रुसाखाली शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या आहेत. अंगरखा बिनशिवणीचा, फाडला तर वाया जाईल, म्हणून. ज्याला लागला त्यानं तो वापरला असणार. मी फ्रॉक दोन वर्षं वापरला, मग धाकट्या बहिणीनं.

एका शनिवारी आमच्या कोपऱ्यावरच्या मावशींचे यजमान इस्पितळात होते. ऑपरेशनचे पैसे भरायचे होते. प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली, कुणाची तरी बांगडी वाजली तेवढाच आवाज. मी डोळे घट्ट मिटून हात घातला. चिठ्ठी निघाली आजीच्या नावाची.

आजीनं तिथल्या तिथे नंबर बदलून दिला. मावशी पैसे घेऊन गेल्या, आजीला तिचे वर्षाच्या शेवटी मिळाले. डबा पुसताना मी विचारलं, "मग देवानं प्रार्थना ऐकली की नाही?" आजी म्हणाली, "नीट पूस. पाणी राहिलं की काळा पडतो."

पन्नास वर्षं झाली. कधी वाटतं, देवानं मुद्दाम आजीचं नाव काढलं, कारण ती देईल हे त्याला ठाऊक होतं. पण द्यायचंच होतं तर चिठ्ठी कशाला? बारा जणींनी ठरवून मावशींना आधीच दिले असते तर कुणाचं काय अडत होतं? आणि हा प्रश्न आजीला विचारते तेव्हा फ्रिजवरचं कूपन माझ्याकडे बघतं. छपरासाठी दिले म्हणतेस ना पन्नास? मग मला का ठेवलंस?

चिठ्ठीत देवाची इच्छा शोधणारी आजी काही एकटी नव्हती. जॉन वेस्ली हा मेथडिस्ट पंथाचा मूळ पुरुष, आणि मेथडिस्ट म्हणजे रॅफललासुद्धा नाकं मुरडणारे. तर हाच वेस्ली 1737 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सव्हाना गावी एका मुलीच्या प्रेमात पुरता बुडाला होता. काय करावं सुचेना, तेव्हा त्यानं प्रार्थना करून तीन चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर लग्न कर, दुसरीवर यंदा विचार नको, तिसरीवर पुन्हा विचारच नको. तिसरी निघाली. त्यानं ती देवाची इच्छा मानली. मुलीनं पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याशी लग्न केलं. आणि काही महिन्यांनी वेस्लीनं तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं, वर्ष संपायच्या आत त्याला ते गाव सोडावं लागलं. पुन्हा विचारच नको, हे देवानं सांगितलं होतं. ऐकणं कुठे त्याच्या हातात होतं?

बायबलातल्या ईयोबाच्या तोंडी जवळपास आजीचीच म्हण आहे, फक्त तिथे देणारा आणि नेणारा एकच. हे मला कितीतरी दिवस मोठं उत्तर वाटत होतं. काल रात्री पुन्हा पहिला अध्याय काढला आणि उलट अडकले. गोष्ट सुरू कशी होते? सैतान म्हणतो, याचं सगळं काढून घे, मग बघ तुझ्या तोंडावर कसा उलटतो. देव म्हणतो, जा, करून बघ. विद्वान म्हणतील ही पैज नव्हे, परीक्षा आहे. असेल. आमच्या गल्लीत याला पैजच म्हणतात. शेवटी ईयोबाला सगळं दामदुप्पट मिळतं, सात हजार मेंढरांची चौदा हजार, तीन हजार उंटांचे सहा. मुलं मात्र दुप्पट नाहीत. दहा मेली, दहा झाली. लिहिणाऱ्यानं इथे हात का आखडला असेल? मेलेली दहा कुणाच्या हिशेबात धरायची हे त्यालाही कळलं नसेल का?

मामा 1982 च्या संपानंतर गावी आला तो कायमचा. आकडा सुटला, लावायला काही उरलंच नव्हतं. आजीनं त्याला शेवटपर्यंत जेवू घातलं आणि मशीनचा विषय काढला नाही.

सोडत रविवारी आहे, दुसऱ्या उपासनेनंतर. चिठ्ठी काढायला शब्बाथशाळेतली सात वर्षांची पोरगी ठरली आहे. पहिलं बक्षीस मिक्सर. आमचा गेल्या महिन्यापासून बंद आहे.